शंभर नंबरी पेट्रोल

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून तुर्भे सोडून ठाण्याकडे निघालं की उजव्या हाताला पावणे एमआयडीसी लागते. साठच्या दशकात वसवलेल्या ‘टीटीसी’ औद्योगिक पट्ट्याचा हा मधला तुकडा. रसायनांचे कारखाने, गोदामं आणि त्यांच्या अधेमधे गाड्यांची वर्कशॉप्स. कुठे काचेच्या दर्शनी भागाचं चकचकीत सर्व्हिस सेंटर, तर कुठे पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज. इथे गाडी सर्व्हिसिंगला टाकली की एस्टिमेटच्या कागदावर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट यांच्या रांगेत आणखी एक ओळ बहुतेक वेळा असतेच : ‘फ्युएल ॲडिटिव्ह’. गाडी ताब्यात घेऊन पंपावर गेलं की तिथला मुलगा विचारतो, “साहेब, साधं की पॉवर?”

दोन्हीकडे आपल्या मनात एकच प्रश्न येतो. चार पैसे जास्त टाकले तर गाडी खरंच बरी पळेल का?

या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि त्यांची गल्लत झाली की खिसा रिकामा होतो. जास्त ऑक्टेनचा फायदा घ्यायचा असेल तर इंजिन तसं घडवलेलं असावं लागतं. तो फायदा कारखान्यात, इंजिनाच्या आराखड्यातच ठरून गेलेला असतो, पंपावर उभं राहून तो विकत घेता येत नाही. आणि ॲडिटिव्हमुळे गाडी नव्याहून सरस होत नाही. वापराने तिचं जे थोडंफार गेलेलं असतं, त्यातलं काही परत मिळतं. हे असं का, ते या प्रकरणात पाहू.

आकडा नेमका कशाचा?

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ यांचं मिश्रण पिस्टन दाबतो. मिश्रण पुरेसं दाबलं गेलं की प्लगची ठिणगी पडते. ज्योत प्लगपासून सुरू होऊन कडांकडे पसरत जाते आणि पिस्टनला खाली रेटते. हे सगळं काही सहस्रांश सेकंदांत घडतं, पण त्यातही शिस्त असते. ज्योत पोचेपर्यंत कोपऱ्यातलं मिश्रण शांत राहायला हवं.

कधी कधी ते राहत नाही. एका बाजूने ज्योत पुढे सरकत असताना उरलेल्या मिश्रणावरचा दाब आणि उष्णता इतकी वाढते की ते ज्योतीची वाट न पाहता स्वतःहून भडकतं. सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आदळतात आणि बाहेर धातूवर हातोडीने टकटक केल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, “गाडी नॉकिंग मारतेय.” जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने भर एप्रिलमध्ये, गाडीत पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन, वरच्या गिअरमध्येच खंडाळ्याचा घाट चढवायला जाणाऱ्यांनी हा आवाज पूर्वी भरपूर ऐकलेला आहे. फार वेळ चालू राहिला तर तो पिस्टनचा माथा खाऊन टाकतो.

पेट्रोल असं आपोआप भडकण्याला किती विरोध करतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. १९२०च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी सुचवली. आयसो-ऑक्टेन हा द्रव नॉकिंगला उत्तम तोंड देतो, त्याला १०० गुण. नॉर्मल हेप्टेन सहज भडकतो, त्याला शून्य. तपासायचं पेट्रोल एका खास एक-सिलिंडरी इंजिनात घालतात. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबायचं ते, चालू असतानाच कमी-जास्त करता येतो. नॉकिंगची तीव्रता मोजायची आणि आयसो-ऑक्टेन व हेप्टेनचं कोणतं मिश्रण तेवढंच नॉकिंग करतं ते शोधायचं. ९१ टक्के आयसो-ऑक्टेनशी बरोबरी झाली तर पेट्रोल ९१ ऑक्टेनचं. हे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवून जो आकडा येतो त्याला ‘रॉन’ म्हणतात. ९०० फेऱ्या आणि मिश्रण आधी तापवून घेतलं की येतो तो ‘मॉन’, आणि तो नेहमीच्या पेट्रोलमध्ये रॉनपेक्षा कमीच भरतो.

आपल्याकडे पंपावर रॉन सांगतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणून न्यू जर्सीत मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना पंपावर ‘८७’ दिसलं की वाटतं, एवढ्या श्रीमंत देशात आपल्यापेक्षा हलकं पेट्रोल! तिथलं ८७ म्हणजे साधारण आपलंच ९१.

ऑक्टेनच्या या सगळ्या मोजणीत एक गोष्ट कुठेच आली नाही : पेट्रोलमध्ये ऊर्जा किती आहे. हा आकडा पेट्रोलची ताकद सांगत नाही, त्याचा संयम सांगतो.

ऑक्टेननेच पळायचं तर रिक्षा पुढे असती

ही गोष्ट पटवून घ्यायला प्रयोगशाळेत जायला नको. कोपरखैरणे स्टेशनबाहेर रांगेत उभ्या असलेल्या रिक्षा पाहाव्यात. त्या सीएनजीवर चालतात आणि सीएनजीचा ऑक्टेन १२० च्या वर जातो. पंपावरच्या कोणत्याही महागड्या पेट्रोलपेक्षा जास्त. तरी ‘सीएनजीवर पिकअप मस्त आहे’ असं कुणी रिक्षावाला म्हणताना ऐकू येत नाही. कारमध्येही तेच. मारुतीने २०२२ मध्ये डिझायर सीएनजीवर आणली तेव्हा तेच १.२ लिटरचं इंजिन पेट्रोलवर सुमारे ९० पीएस देत होतं आणि सीएनजीवर सुमारे ७७. ऑक्टेन वाढला, ताकद घटली.

कारण सरळ आहे. वायू सिलिंडरमधली जागा अडवतो, तेवढी हवा कमी येते. वरच्या ऑक्टेनचा उपयोग करून घ्यायला मिश्रण आणखी दाबायला हवं, पण इंजिन तर पेट्रोलसाठी घडवलेलं. त्याचा कॉम्प्रेशन रेशो इंधन बदललं म्हणून बदलत नाही. सीएनजीचा सगळा संयम वाया जातो.

इथेनॉलचंही तसंच. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्या पुढे, पण एका लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सुमारे एक-तृतीयांश कमी. म्हणजे ऑक्टेन वाढवणारी गोष्ट ॲव्हरेज कमी करू शकते. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये नुसत्या गणिताने लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई-१० साठी घडवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज १ ते २ टक्के, तर शुद्ध पेट्रोलसाठी घडवून ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं ६ ते ७ टक्के उतरेल, असा अंदाज दिला होता. पहिल्या गटातली इंजिनं ऑक्टेनचा थोडा मोबदला वसूल करतात, दुसऱ्या गटातली करू शकत नाहीत. फरक पडतो तो या इंजिनांच्या घडणीमुळे.

इंजिन काय मागतं

मग ऑक्टेनचा उपयोग कुणाला? मिश्रण जितकं जास्त दाबावं तितकं त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. पण जास्त दाबलं की नॉकिंगचं भय. इंजिन आखणारा इंजिनिअर या दोन टोकांमध्ये अडकलेला असतो आणि बाजारात कोणतं पेट्रोल मिळतं ते पाहून मर्यादा ठरवतो. आपल्याकडे एकेकाळी ८७ ऑक्टेनचं पेट्रोल सर्रास होतं, तेव्हा मारुती ८०० चा कॉम्प्रेशन रेशो नऊच्या आत होता. आजच्या डिझायरच्या वर्गातल्या गाड्यांमध्ये तो बाराच्या घरात गेला आहे. चांगल्या पेट्रोलचा खरा लाभ इथे मिळाला. तो गाडीच्या किमतीत आधीच भरलेला आहे.

दुसरी गोष्ट ठिणगीच्या वेळेची. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडते. किती आधी, याला ‘टायमिंग’ म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीचं टायमिंग मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून, कान लावून बसवायचा. पेट्रोल वाईट निघालं की टकटक ऐकू यायची आणि गाडी पुन्हा गॅरेजात जायची. आजच्या गाडीत हे काम इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर करतो. बोराएवढा हा तुकडा धातूतून येणारी कंपनं ऐकत असतो. नॉकिंगच्या सुराचा मागमूस लागला की संगणक लगेच ठिणगी थोडी उशिरा पाडतो. टकटक थांबते, ताकदही थोडी उतरते. चालवणाऱ्याला आवाज येतच नाही. फार तर घाटात गाडी ‘बसल्यासारखी’ वाटते.

इथे दोन प्रकारच्या गाड्या वेगळ्या होतात. टर्बो पेट्रोल किंवा उंच कॉम्प्रेशनचं इंजिन, ज्याच्या टाकीच्या झाकणाआत ‘९५ रॉन’ लिहिलेलं आहे, ते ९१ वर चालेल. पण सेन्सर त्याला सतत मागे ओढत राहील. त्याला ९५ दिलं की अडवलेली ताकद मोकळी होते. दुसरीकडे ज्या गाडीच्या झाकणावर ९१ लिहिलं आहे तिचं टायमिंग ९१ वरच योग्य जागी बसलेलं असतं. तिला १०० ऑक्टेन दिलं तरी ठिणगी त्या जागेच्या पुढे न्यायचं कारण नसतं. नेली तर उलट ताकद घटेल. साडेपाच फुटांच्या माणसासाठी दाराची चौकट सात फुटांची असली काय आणि दहा फुटांची असली काय, तो तेवढ्याच वेगाने आत येणार.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने हे दोन्ही भाग तपासून पाहिले. २०१६ च्या चाचणीत साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या गाड्यांना महाग पेट्रोल देऊन ताकद, ॲव्हरेज किंवा धुरात लक्षात येण्याजोगा फायदा दिसला नाही. २०१७ मध्ये महाग पेट्रोलची ‘शिफारस’ असलेल्या गाड्या घेतल्या, तेव्हा ॲव्हरेज सरासरी २.७ टक्के आणि ताकद १.४ टक्क्यांनी वाढली. फायदा होता, पण मोठा नव्हता आणि ज्यांनी मागितलं त्यांनाच मिळाला.

शिसं, इथेनॉल आणि पंचाण्णव

इंधनात भलतंच काही मिसळून ऑक्टेन वाढवायचा उद्योग जुना आहे. ९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या डेटनमधल्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांना टेट्राइथिल लेड सापडलं. चिमूटभर शिशाने टकटक बंद. १९२३ मध्ये ते पंपावर आलं आणि १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत ते हाताळणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेने दगावले. तरी जगाने ते पुढची कित्येक दशकं जाळलं. ऑक्टेन वाढवणारं इतकं गुणकारी ॲडिटिव्ह पुन्हा झालं नाही, आणि इतकं घातकही. मुंबईसह चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून मिळू लागलं. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झालं.

शिसं गेल्यावर रिफायनऱ्यांना ऑक्टेन दुसरीकडून आणावा लागला. कच्च्या तेलातून थेट निघणारा नाफ्था ऑक्टेनला फारच कमी भरतो. माहुलच्या दोन रिफायनऱ्यांसारख्या ठिकाणी उत्प्रेरकांवरून नेऊन त्याच्या रेणूंची मांडणी बदलतात, तेव्हा कुठे तो पंपावर विकण्याजोगा होतो. पंपावरचं ‘साधं’ पेट्रोलही असं बरंच घडवलेलं असतं. बेन्झिनने ऑक्टेन वाढतो, पण ते कर्करोगाला कारण ठरतं म्हणून त्यावर १ टक्क्याची मर्यादा आहे. अशा कोंडीत इथेनॉल आलं. बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलचा किमान रॉन ९१ आहे. २० टक्के इथेनॉलमुळे तो ९५ वर गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं.

याचा अर्थ ग्राहकाने नीट समजून घ्यावा. ‘पॉवर’ किंवा ‘एक्स्ट्रा’ नावाने विकलं जाणारं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल साध्या ९१ च्या पुढे चार पावलं होतं, तेव्हा त्यात थोडा तरी अर्थ होता. साधंच ९५ च्या जवळ आलं, तर जादा पैशात आता उरतं ते त्यातलं ॲडिटिव्ह.

हिशेब

समजा साधं पेट्रोल १०४ रुपये आणि प्रीमियम ११२. साध्यावर गाडी १५ चं ॲव्हरेज देत असेल, तर नुसती बरोबरी व्हायला प्रीमियमवर १६.१५ पडायला हवं, म्हणजे जवळजवळ ८ टक्के वाढ. वरच्या चाचणीतला सर्वोत्तम सरासरी आकडा २.७ टक्के होता, तोही मागणी असलेल्या गाड्यांचा.

१०० ऑक्टेनचं गणित तर याहून दूरचं. इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० रोजी ‘एक्सपी-१००’ आणलं. पहिल्या टप्प्यातल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती. तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये, तर साधं पेट्रोल ८२ च्या आसपास. ३५ लिटरची टाकी भरली तर फरक २,७०० रुपयांच्या वर. हे पेट्रोल सुपरबाइक आणि महागड्या स्पोर्ट्स कारसाठी आहे, त्यांच्या इंजिनांना ते उपयोगीही पडतं. स्विफ्टमध्ये ते घातलं तर स्विफ्टला काही इजा होणार नाही; इजा पाकिटाला होईल.

‘पण मला फरक जाणवतो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. जादा पैसे दिलेल्या दिवशी कान टवकारलेले असतात आणि पायही हलका पडतो. खरं काय ते पाहायचं तर टाकी फुल करून किलोमीटर लिहायचे, नोझल आपोआप बंद होईपर्यंतच भरायचं, पंप आणि रस्ता तोच ठेवायचा. दोन टाक्या साध्याच्या, दोन प्रीमियमच्या, पुन्हा दोन साध्याच्या. सायन-पनवेल महामार्गावरच्या एका शुक्रवार संध्याकाळने ॲव्हरेजमध्ये जो खड्डा पडतो, तो ऑक्टेनच्या कुठल्याही फरकापेक्षा मोठा निघेल.

बाटलीत काय असतं?

आता एस्टिमेटवरची ती ओळ. गॅरेजवाला थ्रॉटल बॉडीचं झाकण काढून आत बोट फिरवतो, काळं झालेलं बोट दाखवतो आणि म्हणतो, “बघा शेठ, केवढा कार्बन झालाय.” बोट खरंच काळं असतं. प्रश्न इतकाच, की टाकीत ओतलेली बाटली तिथपर्यंत पोचते का. थ्रॉटल बॉडीतून फक्त हवा जाते. पेट्रोल त्याच्या पुढे, इंजेक्टरपाशी येतं. टाकीतलं औषध त्या काळ्या थराला कधी शिवतच नाही. तो फवारा मारून, फडक्याने पुसून काढावा लागतो.

ॲडिटिव्हचं खरं क्षेत्र इंजेक्टरपासून सुरू होतं. इंजेक्टरच्या टोकाची छिद्रं अगदी बारीक असतात. इंजिन बंद केल्यावर त्या गरम टोकावर उरलेला पेट्रोलचा थेंब वाळतो आणि त्याचा डिंकासारखा थर जमतो. फवाऱ्याची बारीक धुई व्हायची तिथे धार पडू लागते. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर काळी खरखरीत पुटं चढतात. ती थंड इंजिनात पेट्रोल शोषून घेतात आणि सकाळी गाडी खोकत सुरू होते. पिस्टनच्या माथ्यावर कार्बन साचला की ज्वलनकक्षाची जागा घटते, उष्णता अडून राहते आणि इंजिनाची ऑक्टेनची मागणी काही अंकांनी चढते. आधी ज्या पेट्रोलवर गाडी खूश होती त्यावरच ती कुरकुरू लागते.

इथे डिटर्जंट कामाला येतं. त्याच्या रेणूचं एक टोक मळाला धरतं, दुसरं पेट्रोलमध्ये विरघळून राहतं, आणि मळ सुटून जळून जातो. पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ ठेवतं. पॉलिईथर अमाइन त्याही पुढे ज्वलनकक्षातला कार्बन सोडवतं. अमेरिकेत १९९५ पासून पेट्रोलमध्ये काही प्रमाणात डिटर्जंट असणं सक्तीचं आहे. ते प्रमाण अपुरं वाटलं म्हणून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी ‘टॉप टियर’ हे जादा कडक मानक काढलं. वर उल्लेखलेल्या असोसिएशनने २०१६ मध्येच केलेल्या आणखी एका तुलनेत, या मानकाबाहेरच्या पेट्रोलने इंजिनात सरासरी १९ पट जास्त मळ साचवला. म्हणजे ऑक्टेनपेक्षा डिटर्जंटचा मुद्दा अधिक वजनाचा आहे.

आणि हा धंदा पावण्याच्या शेजारचाच आहे. लुब्रिझॉल इंडिया ही अमेरिकन लुब्रिझॉलच्या भागीदारीतून १९६६ मध्ये उभी राहिलेली कंपनी. तिचा ॲडिटिव्हचा कारखाना तुर्भ्याला, याच ठाणे-बेलापूर रस्त्यावर. ऑक्टोबर २०२१ मध्ये जिओ-बीपीने आपलं पहिलं स्टेशन नवी मुंबईतल्या नावडे इथे उघडलं, तेव्हा ॲडिटिव्ह घातलेलंच पेट्रोल जादा दर न लावता देण्याची घोषणा केली. जे रसायन बाटलीतून विकत घ्यायचं ते पेट्रोलमधूनच मिळत असेल, तर बाटलीची गरज आणखी कमी होते.

बाटलीच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहतच नाही. तिथला कार्बन कोणत्याही बाटलीने निघत नाही. झिजलेल्या रिंगा, जळलेला प्लग, खराब कॉइल यांवरही तिचा इलाज नाही. लाखभर किलोमीटर झालेली, पूर्वी कुठलंही पेट्रोल पिऊन चाललेली गाडी असेल, तर पॉलिईथर अमाइन असलेली एखादी बाटली क्वचित टाकायला हरकत नाही. फरक पडलाच तर पहिल्या एक-दोन टाक्यांत कळतो. दर सर्व्हिसिंगला ती टाकणं म्हणजे धुतलेलं पुन्हा धुणं.

‘ऑक्टेन बूस्टर’ हा वेगळा प्रकार. त्यातले बरेच मँगनीज किंवा लोखंडाच्या सेंद्रिय संयुगांवर चालतात. डब्यावर ‘३० पॉइंट वाढ’ असं असलं तर एक पॉइंट म्हणजे एकदशांश ऑक्टेन हे लक्षात घ्यावं. ९१ चं ९४ होतं, १२१ नाही. अशा गाडीचा प्लग काढला तर पांढऱ्या चिनी मातीवर विटकरी लाल पूट दिसतं. ते धातूचं ऑक्साइड. प्लगवर जे दिसतं तेच पुढे ऑक्सिजन सेन्सरवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतं, आणि कन्व्हर्टर बदलणं फार महागात पडतं.

टाकीत डांबरगोळ्या टाकायची घरगुती युक्तीही याच वर्गातली. जुन्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असत आणि नॅफ्थलीन पेट्रोलमध्ये विरघळतं, एवढं खरं. आताच्या बऱ्याच गोळ्या पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात; त्यातलं क्लोरीन जळून आम्ल तयार करतं आणि इंजिन आतून गंजतं. पेट्रोलच्या नळीवर लावायची चुंबकं आणि तत्सम ‘इंधन बचत’ यंत्रं यांचं अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मूल्यमापन केलं आहे. शंभराहून जास्त नमुन्यांत ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही.

उतरता ऑक्टेन

पेट्रोलमध्ये काही मिसळून गाडी सुधारणं अवघड आहे, बिघडवणं मात्र फार सोपं. रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी. थोडं रॉकेल मिसळलं तरी ऑक्टेन घसरतो, नॉकिंग वाढतं, कार्बन साचतो. महाराष्ट्राने या भेसळीची किंमत माणसाच्या जिवाने मोजली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ तेलाची भेसळ करणाऱ्यांना हटकलं आणि त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आलं.

म्हणून ‘पॉवर’ मागण्याआधी साधं पेट्रोल शुद्ध आहे ना, हे पाहणं जास्त मोलाचं. पंपावर फिल्टर पेपर मागायचा ग्राहकाला हक्क आहे. नोझल पुसून एक थेंब कागदावर टाकायचा. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग राहिला तर शंका घ्यावी. घनता मोजून दाखवा म्हणता येतं आणि ती पंपाच्या नोंदीशी ताडून पाहता येते. ई-२० च्या दिवसांत आणखी एक पथ्य पावसाळ्याचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत पाणी शिरलं तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो. जून ते सप्टेंबर जागेवर उभी राहणारी गाडी निम्म्या टाकीने ठेवू नये, झाकणाचं रबर तपासून घ्यावं.

मग पिकअप कुठून आणायचा?

रबरावरून पावण्यातलाच आणखी एक कारखाना सांगायला हवा. नोसिल कंपनी इथे रबराला लागणारी रसायनं बनवते. टायरचं रबर टिकाऊ करणं, त्याला उन्हात आणि हवेत तडे जाऊ न देणं हे त्यांचं काम. गाडीच्या कामगिरीत असल्या ॲडिटिव्हचा वाटा मोठा, पण ते आपल्याला विकायला कुणी पंपावर उभं नसतं. त्या टायरमध्ये हवा बरोबर ठेवली तर ॲव्हरेज सरासरी ०.६ टक्के आणि हवा फारच कमी असेल तर ३ टक्क्यांपर्यंत सुधारतं, असं अमेरिकन सरकारचे आकडे सांगतात. प्रीमियम पेट्रोलने मागणी असलेल्या गाडीला जेवढं दिलं, जवळपास तेवढंच, आणि हवा भरायला बहुतेक पंपांवर पैसेही पडत नाहीत.

पिकअपचं म्हणाल तर एअर फिल्टर बघा. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने चोंदलेले फिल्टर लावून गाड्या पळवल्या. इंजेक्शनच्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये फरक पडला नाही, कारण हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी सोडतो. पण फिल्टर बदलल्यावर वेग घ्यायची क्षमता ६ ते ११ टक्क्यांनी सुधारली. कंटेनर आणि टँकर दिवसभर धूळ उडवत असलेल्या एमआयडीसीच्या रस्त्यांवर रोज गाडी नेणाऱ्याचा फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच भरतो. तो काढून उजेडासमोर धरला की पलीकडचं दिसतं की नाही, यावर निर्णय घेता येतो.

तेव्हा क्रम असा लावावा. टाकीच्या झाकणाआतला आकडा वाचावा; ९५ असेल तर ९५ भरावं आणि त्यात कसर करू नये. ९१ असेल तर साधं पेट्रोल, पण भरवशाच्या पंपावरचं. टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि प्लग वेळच्या वेळी. एवढं करूनही गाडी ओढत नसेल, सकाळी खोकत असेल, तर मेकॅनिकला स्कॅनर लावून पाहायला सांगावं आणि इंजेक्टरवरच संशय आला तर बाटलीला होकार द्यावा. पुढच्या वेळी एस्टिमेटवर ती ओळ दिसली की विचारावं, “नेमकी कुठली तक्रार आहे म्हणून हे टाकताय?” उत्तर ‘सगळेच टाकतात’ असं आलं, तर पेन मागून ती ओळ खोडून टाकावी.